वाळू न भरलेला पाईप

क्लासच्या पोरापोरींचे ऑटो वाढले, तसे पोरं बाहेर पडू नयेत म्हणून उजव्या बाजूला आडवा पाईप बसवून घ्यायला लातूरचे ऑटोवाले मकबूल मिस्त्रीकडंच यायचे. त्याची रीत ठरलेली. पाईपात कोरडी वाळू ठासायची, तापवायचा, वाकवायचा आणि मग वाळू ओतून टाकायची. त्यानं वाकणावर पाईप चेपत नाही.

पण जूनमध्ये शिवप्पा डोक्यावर बसला. ज्याच्या ऑटोमागं 'अति घाई संकटात नेई' लिहिलेलं, त्यालाच सगळ्यात जास्त घाई! मकबूलनं वाळूविनाच पाईप वाकवला. वाकणावर घडी पडली. तिच्यावर लांबीचा लगदा थापून, घासून, वरून पिवळा रंग मारला आणि गाडी देऊन टाकली.

तेव्हापासून जिवाला चैन नव्हती. मन चिंती ते वैरी न चिंती. भूकंपानंतर तो किल्लारीकडं ढिगारे उपसायला गेला होता. वरून छान गिलावा केलेल्या भिंती, आत नुसते दगड आणि माती. ते आठवलं की घास उतरेना. बायकोला, जोहराला, सांगितलं तर ती म्हणाली, "देखनेवाला कोई नै. पन तुमको तो मालूम हय ना?"

तिसऱ्या दिवशी हातोडी घेऊन त्यानं क्लासची गल्ली गाठली. शिवप्पाचा ऑटो पोरींनी खचाखच भरलेला, आणि कडेची एक पोर त्याच पाईपावर सगळा भार टाकून बसलेली. मकबूल धावतच ऑटोपाशी गेला.

"उतरा पोरींनो, आधी उतरा!"

"काय झालं मिस्त्री? पाईप तर लई झकास हाय," शिवप्पा म्हणाला.

मकबूलनं वाकणावर हातोडी घातली. लांबीचा पोपडा उडाला. दुसऱ्या घावाला पाईप घडीवरच तुटला.

"चूक माझी हाय. आजच बदलून देतो." बोलल्यावर त्याला तीन दिवसांत पहिल्यांदा मोकळं वाटलं.

शिवप्पा तुटक्या पाईपाकडं बघत राहिला. "अजून किती गाड्यांना असं केलंस?"

"ही एकच. अल्लाची शपथ."

एव्हाना गल्लीतले ऑटोवाले जमले होते. सगळ्यांच्या गाड्यांना मकबूलचेच पाईप. रोज त्याच्यासोबत चहा पिणारा मारोती पुढं आला, त्यानं मकबूलच्या हातातली हातोडी घेतली, आपल्या ऑटोतल्या पोरी उतरवल्या आणि पाईपावर घाव घातला. पाईप खणखणीत वाजला. तरी मारोतीनं हातोडी मकबूलला परत केली नाही. पुढच्या ऑटोवाल्याच्या हातात दिली.