मोटरची टकटक नव्हती ती

मी एका शिलाई मशीनचे जुने पायडल आहे. बिडाचे, जाळीदार, मधोमध झिजून गुळगुळीत झालेले. मित्रांनो, ही झीज मला मिरवावीशी वाटते, कारण ती माझ्या शिंपी मास्तरांच्या तळव्यांनी झाली आहे. मास्तर नेहमी अनवाणी शिवायला बसत. चप्पल घातली की टाक्याचा वेग पायाला कळत नाही, असे ते म्हणत. टाच, चवडा, टाच, चवडा. दिवसभर पोटऱ्या हलत आणि तळवे उबदार राहत. लोक शिवण पाहून त्यांच्या हातांचे कौतुक करीत. पायांचे कोणी केले नाही, माझे तर नाहीच.

पुढे मास्तरांना मधुमेह झाला. त्यांना आराम म्हणून मुलाने हौसेने मोटर बसवली. आता उजव्या पायाखाली एक बटण, आणि डावा पाय माझ्यावर नुसता पडून. तो दिवसेंदिवस गार आणि बधिर होत गेला.

"अहो, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. आणि चप्पल घालून!" त्यांची बायको कुरकुरे.

"दुकान सोडून कुठे चालू? गिऱ्हाईक काय माझ्या मागे पळणार आहे?"

एका दुपारी खाली पडलेली टाचणी त्यांच्या डाव्या पायाच्या करंगळीखाली घुसली. मास्तरांना पत्ताच नाही! मशीन थरथरले की टाचणीचे डोके माझ्यावर आपटे. टक, टक, टक.

"ही मोटर वाजायला लागली," मास्तर म्हणाले आणि त्यांनी मोटरला तेल घातले. थोड्या वेळाने पुन्हा घातले. माझा नुसता संताप होत होता. पण मी पडले लोखंड, ओरडणार कसे?

संध्याकाळी केर काढताना बायकोला माझ्यावर डाग दिसला.

"अहो, रक्त!"

"कुणाचं?" मास्तरांनी विचारले.

तळव्यापर्यंत रक्तच धड पोचत नव्हते, मग जखम भरणार कशी? ती चिघळली. करंगळी काढावी लागली, पाय थोडक्यात वाचला.

आता मास्तर रोज बूट घालून चालून येतात. माझ्यावर चिंध्यांची पिशवी ठेवली आहे. तेही चालेल. पण एक चीड जात नाही. येणारा जाणारा त्यांना विचारतो, "पाय दुखतो का?" ते अगदी खरे सांगतात, "नाही."

मित्रांनो, तुमच्या घरी असे कोणी असेल, तर दुखते का हे विचारत बसू नका. रोज त्यांच्यासमोर खाली बसा, पाय हातात घ्या आणि तळवा बघा.