लघाटे सरांची यंत्रपूजा

अंबरनाथच्या एका फार्मसी कॉलेजात डॉ. चिंतामणी लघाटे विभागप्रमुख होते. नॅनोकण बनवायच्या सगळ्या पद्धती त्यांना तोंडपाठ. पॉलिमर द्रावकात विरघळवा, पाण्यात थेंब करा, ढवळा, द्रावक उडू द्या. फळ्यावर त्यांनी बनवलेले कण अख्ख्या ठाणे जिल्ह्याला पुरले असते. बीकरला मात्र त्यांचा हात कधी लागला नव्हता. तरीही त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा कण बरोब्बर दोनशे नॅनोमीटरचा निघे, याचं खुद्द सरांनाही नवल वाटत नसे.

२००६ साली बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली अस्मिता त्यांच्या हाताखाली एम.फार्म. करत होती. शरीरात आपोआप विरघळणाऱ्या पॉलिमरच्या कणांत कर्करोगाचं औषध भरायचं, हे तिचं काम. ते पॉलिमर एका परदेशी कंपनीच्या मिनतवाऱ्या करून मिळालेलं, एवढ्याशा बाटलीत. बरंचसं सुरुवातीच्या चुकांत गेलं. उरलेल्यात एकच बॅच होणार होती. ती बिघडली तर वर्ष गेलं.

एरवी विभागातल्या एकुलत्या एक स्टररसाठी, म्हणजे ढवळणाऱ्या यंत्रासाठी, रांग असे. दसऱ्याला सुट्टी, पण पूजेसाठी लॅब उघडी, म्हणून तिने तोच दिवस धरला. सकाळी बीकर उघडं ठेवून ढवळणं सुरू केलं. द्रावक पूर्ण उडण्याआधी ते थांबलं, की थेंब एकमेकांना चिकटून कामाचा सत्यानाश. ‘बंद करू नये’ अशी ठळक चिठ्ठी लावून ती बदलापूरला गेली. धम्मचक्र प्रवर्तन दिन होता; विहारातली वंदना चुकवणं वडिलांना, भीमरावांना, आवडलं नसतं.

परत आली तेव्हा स्टररला झेंडूचा हार होता, कुंकवाची बोटं होती आणि तो बंद होता. बीकरच्या तळाशी पांढरा गोळा बसला होता, वर अक्षता तरंगत होत्या.

“सर, स्टरर कोणी बंद केला?”

“मी केला,” सर प्रसाद देत म्हणाले. “आज यंत्राला विश्रांती असते. तुमच्यात हे नसतं, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल.”

“सर, चिठ्ठी लावली होती.”

“अगं, एवढं टेन्शन काय घेतेस? दोनशे नॅनोमीटर लिहून टाक. सगळे लिहितात.”

संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे औषध उद्या कुणाच्या तरी शिरेत जायचं. मोठा कण अडकला तर माणूस जिवानिशी जाईल. सरांना त्याची फिकीर नव्हती, कारण त्यांचे कण फळ्याबाहेर कधी गेलेच नव्हते.

घरी भीमराव म्हणाले, “खरं काय ते लिही. वर्ष गेलं तर पुन्हा कर, मी बसलोय ना.”

तिने प्रबंधात खरं तेच लिहिलं. गोळा झाला, कारण विभागप्रमुखांनी यंत्रपूजेसाठी ढवळणं बंद केलं. सरांनी सही केली. प्रबंध वाचून सही करणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच वाक्य मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. “लघाटे, हे वाचून सही केलीत?”

सरांचा चेहरा उतरला. नाही म्हणावं तर पंचाईत, हो म्हणावं तरी पंचाईत. पण माणूस मुरलेला. त्यांनी घसा खाकरला.

“अर्थात. मीच तिला म्हटलं, माझं नाव आलं तरी चालेल, पण संशोधनात लपवाछपवी नको.”

परीक्षक अगदी भारावले. फसलेल्या प्रयोगाचं कारण इतकं स्वच्छ लिहिलेलं आपण प्रथमच पाहतोय, म्हणाले, आणि त्यांनी तिला पास केलं. मग ते अस्मिताकडे वळले. “असे गाईड मिळायला भाग्य लागतं, बरं का.”

सर तिच्याकडे बघत होते. निकालपत्रावर त्यांची शेवटची सही अजून व्हायची होती.

“हो सर,” अस्मिता म्हणाली. सबंध कामात तिने केलेला खोटेपणा तेवढाच.