खिडकीतला वेलगुलाब

यंदाच्या थंडीनं गल्लीतली सगळी फुलझाडं करपली, आणि आमच्या खिडकीवरच्या वेलगुलाबापाशी माझं गाडं अडलं. आई म्हणाली होती, "तुझ्या बाबांनी लावलेलं झाड आहे. त्याला फुलं आली की जाईन तुझ्या दादाकडे राहायला. तोवर मला कुणी हलवायचं नाही."

गुडघे गेल्यापासून आई खिडकीजवळच्या खुर्चीत, आणि ती खुर्चीत म्हणून मी घरात. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या खोलीत आई, आणि मी या दोघींच्या मधे येरझारा घालणारी. दुसऱ्या शहरात, एका कपड्यांच्या कारखान्यात मला कटिंगचं काम मिळत होतं. तिथल्या मास्तरांना सांगितलं, "फुलं आली की येते." ते हसले, पण उन्हाळा लागेपर्यंत थांबायला कबूल झाले.

बाबांची एक रीत होती. थंडी सरली की खोड नखानं जरासं खरवडायचं. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत. मी रोज आईला चहा दिला की बाहेर जाऊन खरवडायचे. कालची जागा तपकिरी पडलेली असायची, म्हणून तिच्या शेजारी नवी. मग खिडकीतून सांगायचे, "जिवंत आहे गं."

"बघू," आई म्हणायची. ते 'बघू' ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

मग फांद्यांवरचे डोळे, कोंब फुटायच्या जागा, फुगले. मी माळ्यावरची बॅग काढून पुसून ठेवली. आईनं ती पाहिली आणि तोंड खिडकीकडे वळवलं. आणि थोड्याच दिवसांत ते डोळे जागच्या जागी वाळले. शेजाऱ्यांची कुंपणं फुलांनी भरलेली, आमच्याकडे नुसत्या काड्या.

वाळक्या फांद्या काढायला गेले, तेव्हा खोडाची भिंतीकडची बाजू पहिल्यांदा नीट दिसली. तिथेही ओरखडे होते. बाहेरून माझा हात तिथवर पोचत नाही. खिडकीतून पोचतो. तिचे ओरखडे दोन्हीकडून माझ्या ओरखड्यांना येऊन भिडले होते. खोडाला भोवताली साल उरलीच नव्हती.

बाबा आणखीही एक सांगायचे, एकदाच बघायचं. साल गोल निघाली की वरचं झाड उपाशी मरतं. हे नेमकं आम्ही दोघी विसरलो.

"आई, तूपण खरवडत होतीस?"

"तू मशीनवर बसलीस की. केसातल्या पिनेनं."

"मी सांगत होते ना, हिरवं आहे म्हणून?"

"म्हणूनच." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "हिरवं आहे म्हटलंस की मी पिन काढायचे. वाटायचं, आज तरी नसेल. मला नाही जायचं दादाकडे."

"मग तसं सांगायचंस."

"तू विचारलंस कधी? तू रोज झाडाचीच चौकशी केलीस."

मला तिचा राग आला, आणि तिची दयाही आली, दोन्ही एकदम.

"खालून फुटेल का परत?" तिनं विचारलं.

"फुटेल कदाचित. पण फुलं आता पुढच्या थंडीनंतरच."

"मग तेव्हा जाईन," ती म्हणाली. माझी समजूत घालतेय असं तिला खरंच वाटत असावं.

मी कपडे कापायची कात्री आणली आणि ओरखड्यांच्या खाली खोड कापायला घेतलं. कात्रीची धार गेली. आत मास्तरांचा फोन वाजत होता. आईनं हात लांब करून तो उचलला आणि खिडकीतून माझ्यापुढे धरला.