शकूकाकूंची कडी

दीपिका दर महिन्याला व्हिडिओ करून लोकांना एक भुताचा पिक्चर सुचवायची. परळच्या स्टुडिओतलं सबटायटलचं काम उरकून घरी आली की मोबाइल कपाटाला टेकवायचा आणि सुरू. मेच्या उकाड्यात बर्फातला पिक्चर, दिवाळीत ओसाड बंगल्याचा. वर्षभर तिच्याकडे भुतांचा तुटवडा नसे.

"आपण भूतबित मानत नाही, आणि तू जगाला वाटत सुटलीस," तिची आई, मायाबाई, हसायच्या.

"मानत नाही म्हणून तर मजा येते."

जुलैत तिने एका विधवेची गोष्ट सुचवली. नवरा गेल्यावरही तिला जिन्यात त्याची पावलं ऐकू येत राहतात. काही दिवसांनी गिरगावच्या विहंग नावाच्या माणसाचा मेसेज आला : 'तुमचा पिक्चर बघितल्यापासून आई खोलीला आतून कडी लावून बसते. फक्त जेवायला बाहेर येते. लोकांना असलं सुचवताना थोडा विचार करत जा.'

दीपिकाने सॉरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. कामात लक्ष लागेना. सबटायटलमध्ये एकाचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडी जाऊ लागलं. घरी ती नुसती येरझाऱ्या घालत होती. शेवटी तिने विहंगकडून पत्ता मागून घेतला आणि शनिवारी सकाळी थेट त्याचं दार वाजवलं.

"तुम्ही खरंच आलात?" विहंग ओशाळला. त्याने आतल्या बंद दाराकडे बोट केलं.

"काकू, मी दीपिका. तो पिक्चर मीच सुचवला होता. घाबरू नका हं, सगळं खोटं असतं. पावलांचा आवाजसुद्धा स्टुडिओत फळीवर बूट आपटून काढतात."

"घाबरलंय कोण?" आतून आवाज आला.

कडी निघाली. विहंगच्या आई, शकूकाकू, केस नीट विंचरून इस्त्रीच्या साडीत उभ्या होत्या. खोलीत प्रचंड उकडत होतं, तरी पंखा बंद.

"पंख्याच्या घरघरीत ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "त्या बाईला नवऱ्याची पावलं ऐकू येतात. ह्यांना जाऊन वर्ष झालं, मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. बाहेर ह्या विहंगचा टीव्ही, त्याचे फोन. म्हणून कडी लावते."

"आई, मला वाटलं तू भ्यालीस," विहंग पुटपुटला.

"भ्यायला ते परके आहेत का?"

असं काही नसतं काकू, हे दीपिकाच्या ओठांवर आलं होतं. पण तिने विचारलं, "कसे चालायचे ते?"

"उजवी चप्पल घासत."

"डावी, आई. बाबांचा डावा गुडघा दुखायचा."

"चाळीस वर्षं मी ऐकलंय की तू?"

वाद पेटला. काकू तरातरा बाहेर आल्या आणि चालून दाखवू लागल्या. मग विहंगने बाबांच्या जुन्या चपला घातल्या आणि डावा पाय ओढत घरभर फिरला. काकू मध्येच थांबल्या. डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि एकदम रडायला लागल्या. विहंग तसाच उभा, पुढे चालावं की थांबावं हे न कळून.

दीपिका निघाली तेव्हा काकूंनी तिचं मनगट धरलं. "पुढच्या महिन्यात कुठला सांगणारेस? त्यातही कोणी परत येतं का?"

"अजून ठरलं नाही, काकू," ती म्हणाली. ऑगस्टचा व्हिडिओ मोबाइलमध्ये तयार होता; त्यातल्या पिक्चरमध्येही एक गेलेला माणूस घरी परत यायचा.

गिरगावातून ती चालतच सुटली. वाटेत तो व्हिडिओ पुसून टाकला.