पिंगीची शेपूट

मढच्या कोळीवाड्यात सगुणाबाईच्या तोंडाला लागायची छाती कोणाची नव्हती. बर्फवाल्यापासून देवळाच्या अध्यक्षापर्यंत सगळे तिला बघून बाजूनं सटकत. एक पिंगी तेवढी सटकत नसे. पिंगी म्हणजे शेळी. तिची आई तिला जन्म देतानाच मेली, आणि त्याच महिन्यात सगुणाबाईचा नवरा हरेश्वर गेला. घरातल्या माणसांशी बाई तेव्हा धड बोलत नव्हती, पण पिल्लाच्या तोंडात बाटली धरून म्हणायची, "तुझी गेली, माझा गेला. आता नखरे नको, पी." त्याला दोन वर्षं झाली. पिंगी अजून तिच्याच खाटेला पाठ लावून निजायची.

अशा पिंगीची शेपूट एका सकाळी कुत्र्यानं धरली. बोंबील वाळत घातले की खाली कुत्री फिरणारच, आणि ही शहाणी त्यांच्यातच जाऊन उभी. शेपूट निम्म्यातून फाटून लोंबायला लागली. रक्त काही थांबेना.

"आई, डॉक्टरीणबाईंना फोन लावते," सून नेत्रा म्हणाली. "इंजेक्शन द्यायला लागेल."

"शेपटीला इंजेक्शन? मग शिंगांना नेलपॉलिश पण लाव! चाळीस वर्षं मासे कापते मी. बोटं कापली तवा कुठला डॉक्टर आलेला गो?"

सगुणाबाईनं पेटी उघडली. तळाशी जाळी विणायची जुनी सुती दोरी होती, हरेश्वरच्या हातची. आता सगळी जाळी नायलॉनची, पण बाईचा नायलॉनवर विश्वास नव्हता. नायलॉन निसटतो. सूत कसं, पाणी पिलं की आपोआप आवळतं. एकदा बांधलं की तुफानात सुटत नाही. हे तिला सासऱ्यानं शिकवलं होतं, आणि जाळ्याची गाठ मारण्यात तिच्या हाताला अख्ख्या वाड्यात तोड नव्हती. तिनं जखमेच्या वर दोन वेढे घातले, दातांनी ओढून गाठ मारली. रक्त तिथल्या तिथं थांबलं. बाईनं सुनेकडं असं बघितलं, जणू एकटीनं वादळातून होडी किनाऱ्याला आणली होती. वर हळद, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी. आणि रोज सकाळ-संध्याकाळ पट्टीवरूनच खाडीचं खारं पाणी. कोळणीच्या हातांच्या भेगा त्याच पाण्यानं भरतात, मग शेळीची जखम का नाही भरणार?

चौथ्या दिवशी नेत्रानं भीत भीत विचारलं, "पट्टी सोडून बघूया का जरा?"

"सोडली की रक्त येईल. बघ, हात लावला तरी आता ओरडत नाय. दुखणं गेलं तिचं."

खरंच, पिंगी ओरडत नव्हती. शेपटीला जीवच उरला नव्हता, तर ओरडेल कशाला? पण हे कोणाला कळावं? वास आला असता तर कळलं असतं. पण ज्या घरात दाराशी सुकट, माळ्यावर बोंबील आणि मोरीत जवळा, तिथं कुजल्याचा वास कोण वेगळा काढणार?

दहाव्या दिवशी पिंगीनं कोबीचा पाला तोंडात घेतला, आणि तो तसाच दातांत राहिला. जबडा उघडेना. कान ताठ, चारही पाय टेबलाच्या पायांसारखे. सगुणाबाईनं आधी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मग पाण्याचं बोट तिच्या ओठांत घालायला गेली, तर बोटही शिरेना. तेव्हा ती हळूच म्हणाली, "नेत्रा, लाव बाय फोन."

डॉक्टरीण क्षमा अर्ध्या तासात आली. पोरगेलीच, पण हात शांत. तिनं पट्टी कापली, आणि पट्टीबरोबर शेपूटही हातात आली. काळी, वाळलेली. उरलेल्या मांसात दोरी रुतून बसली होती.

"ही कोणी बांधली?"

मुलगा विकी बायकोवर खेकसला, "दिवसभर घरात असतेस ना तू? अक्कल गहाण टाकलीस काय? एक जनावर सांभाळता येत नाय?"

नेत्राचे डोळे भरले. तिनं सासूकडं बघितलं आणि मान खाली घातली. सगुणाबाईला ते बघवेना.

"तिला काय बोलतोस रे? मी बांधली! मी!"

तिच्या आवाजासरशी पिंगी धाडकन आडवी झाली. मान मागं वळली, पाय ताणले, अंग धनुष्यासारखं वाकलं.

"आवाज नको!" क्षमा कुजबुजली. "धनुर्वात आहे. आवाजानं, उजेडानं झटके येतात." इंजेक्शन देऊन ती उठली. "पहिल्या दिवशी आले असते तर... आता फार आशा धरू नका. अंधार करा, शांत ठेवा."

खिडकीवर गोधडी टाकली. पण शांत ठेवायचं कसं? बंदरावर बर्फ फोडायचं मशीन, शेजारी टीव्ही, गल्लीत हळदीच्या डीजेची चाचणी. प्रत्येक ठोक्याला पिंगी ताणली जायची. एरवी बाईनं दारातून एक हाक मारली असती, तर वाडा चिडीचूप झाला असता. आता हाकच मारायची सोय नव्हती.

सगुणाबाई अनवाणी बाहेर पडली. दारोदार गेली, हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं. लोक आधी हसले. शेजारची सपना मासळीवाली म्हणाली, "काय गो सगुणे, मौन घेतलंस काय?" मग बाईचा चेहरा बघून तिनं टीव्ही बंद केला. डीजेवाल्या पोरांनी वायर काढली. बर्फवाल्यापुढं ती कितीतरी वेळ हात जोडून उभी राहिली. त्याला तिनं आजवर किती शिव्या घातल्या होत्या, त्याला गणती नव्हती. त्यानं मान वळवली, मग मशीन बंद केलं. भर दुपारी वाडा कधी नव्हे इतका गप्प झाला.

ती घरी परतली तेव्हा विकी ओट्यावर बसला होता. नेत्रा खिडकीवरची गोधडी काढत होती.

सगुणाबाई दारातच थांबली. तिनं बोट ओठांवर नेलं.

"आई," नेत्रा म्हणाली, "आता बोललात तरी चालेल."