जुळ्यांची बायपास

ती आणि तिचा भाऊ जुळे. हृदयही दोघांचं एकाच वर्षी बिघडलं. बायपास एकाच डॉक्टरांनी केली, आधी त्याची, मग तिची.

भाऊ बस चालवायचा. तो घरी आला तेव्हा वहिनीने त्याला पाण्याचा पेलाही उचलू दिला नाही. हॉस्पिटलातल्या व्यायामाच्या वर्गाला ती हाताला धरून न्यायची. बघता बघता गडी पहिल्यासारखा झाला.

बहीण शिवणकाम करायची. तिचा नवरा वाईट नव्हता. पण मीठ कुठंय, पांढरे कपडे वेगळे भिजवायचे का, असं सारखं विचारायचा. सांगत बसण्यापेक्षा उठून करणं तिला सोपं वाटलं. व्यायामाच्या वर्गाला ती एकदाच गेली. सगळे पुरुष, आणि ठोके मोजायच्या पट्ट्या छातीला लावायला गळ्याची बटणं सोडायची. ती पुन्हा फिरकली नाही.

ओल्या चादरींची बादली उचलताना छातीचं हाड कट्‌कन वाजलं. ती कुणाला बोलली नाही. आडवं होता येईना, म्हणून बसूनच झोपू लागली.

भाऊ वहिनीला घेऊन भेटायला आला. किती चालतो, हे कौतुकाने सांगत राहिला. मग म्हणाला, "तू मनावरच घेत नाहीस. एकच रक्त आपलं. मी उभा राहिलो की नाही?"

ती चहा ठेवायला उठली. कप पुढे करताना तिचा गाऊन छातीवर ओला झालेला वहिनीला दिसला. टाक्यांतून पू येत होता.

हाडापर्यंत चिघळलं होतं. छाती पुन्हा उघडावी लागली. वहिनी म्हणाली, बरी झालीस की आमच्याकडेच ये, मी करीन सगळं. बहिणीने भावाचं करून करून ओढलेला तिचा चेहरा पाहिला आणि नको म्हणाली.

डॉक्टरांनी घरी सोडायचं काढलं, तेव्हा तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"इतक्यात नका पाठवू. घरी मी मरेन."

नवरा खाली बघत राहिला. भावाला तिथे उभं राहवेना. तो बाहेर जाऊन भिंतीशी रडला. पण खाट दुसऱ्या पेशंटला हवी होती.

आता भाऊ रोज तिच्या घरी येतो. भांडी घासतो, मेहुण्याला स्वयंपाक शिकवतो. दुसऱ्या ऑपरेशनपासून तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. शिलाई मशीन तिने देऊन टाकलं. दोघं पुरुष खटपट करत असतात, ती खिडकीशी बसून असते. कसं वाटतंय विचारलं, तर बरंय म्हणते.