गाड्यावरचं परत येत नाही

तातेराव पाटलाला अक्षर येत नव्हतं, पण साऱ्या गावाची नोंद त्याच्या डोक्यात पक्की होती. कोणी कोणाच्या मयतीला खांदा दिला, कोण कोणाच्या बारशाला मुद्दाम आलं नाही, कोणाच्या बैलानं कोणाची कडब्याची गंजी फोडली, सगळं. उपकार करताना त्याचा हात सैल असे आणि आठवण घट्ट. देवाशीही व्यवहार तसाच चोख. पाटलाच्या नवसाला देवी लवकर पावते असं लोक म्हणत. तिलाही त्याचा तगादा नको असावा.

या माणसाच्या हिशेबात एकच जागा कच्ची होती. नात द्वारकी. दोन वर्षांची पोर, आबाच्या मिशीला धरून लोंबकळायची आणि आबा गावभर तोच लाल झालेला ओठ घेऊन मिरवायचा.

त्या हिवाळ्यात द्वारकीच्या मांडीवर गाठ आली. न पिकणारी, न ठणकणारी, बाभळीच्या लाकडासारखी टणक. बिब्बा घालून झाला, हळदीचा लेप झाला. गाठ आपली पसरतच चालली. शेवटी पाटलाचा मुलगा उकंडराव आणि सून नर्मदा पोरीला बैलगाडीत घालून हिंगोलीला घेऊन गेले. छावणीजवळच्या डॉक्टरनं गाठ दाबली. पोरगी रडली नाही, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. दुखली असती तर बरं होतं, म्हणाला. शिळ्या भाकरीवर धरते तसलीच कसलीशी बुरशी मांसात शिरली असावी असा त्याचा कयास होता. लहान लेकरांत कधीमधी असं दिसतं. खात्रीनं सांगायला आपल्याकडे साधन नाही, पण औषध आहे. त्यानं खारट पाण्याची बाटली दिली, दुधातून थेंब थेंब पाजायला. आणि बजावलं, की गाठ गेली तरी मी सांगेपर्यंत थांबायचं नाही. मध्येच सोडलंत तर ती कमरेत चढेल, पोटात शिरेल, मग माझ्या हातात काही नाही.

औषध लागू पडलं. गाठ मऊ झाली, मग पेरूएवढी, मग बोराएवढी. पण मधल्या काळात पाटलानंही मरीआईला नवस बोलून ठेवला होता. आता श्रेय कोणाचं? एका कामाचे दोन धनी त्याला कधीच चालत नसत. गावाची रीत अशी, की अंगारा लागून गुण आला की पुढं औषध पाजणं म्हणजे देवीवर संशय घेणं. पाटलानं देवीला साडीचोळी केली आणि उरलेली बाटली स्वतःच्या हातानं लिंबाच्या बुडाशी ओतली. डॉक्टरनं थांबू नका म्हटलंय, एवढं नर्मदा दाराआडून बोलली. पाटलानं उत्तर दिलं नाही. सुनेला एकदा उत्तर दिलं की दुसऱ्यांदा द्यावं लागतं. उकंडराव तिथंच उभा होता. पण बापासमोर तो उभा राहिला तरी त्याची सावली बसलेली असायची.

उन्हाळा तापला आणि ओढ्यापलीकडच्या गावात पटकीची साथ आली. पाटलानं शीव बांधली. चहूबाजूंनी दुधापाण्याची धार फिरली, वाटांवर लिंबाचे डहाळे बांधले, काठ्या घेऊन माणसं बसली. मरीआईचा गाडा शिवेपार जाईपर्यंत कोणी आत यायचं नाही, कोणी बाहेर जायचं नाही. यात खुळेपणा होता म्हणावा, तर दर खेपेला गाव वाचलंही होतं.

पहिली अडली ती खुर्शीदबी. पिंजाऱ्याची विधवा, तिची लेक अख्तरी कुरुंद्याला पहिलटकरीण. पोरीच्या पायावर सूज आली म्हणून तिला माहेरी आणता येईना, तर आईच निघाली होती. पाटलानं तिला शिवेवरून माघारी फिरवलं. ती भांडली नाही. फक्त विचारलं, तुमच्या घरचं कोणी असतं तर? पाटील चार माणसांत बोलला, "शीव सगळ्याला सारखी. माझं घर काही शिवेच्या वर बांधलेलं न्हाई." हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यानं ते पारावर पुन्हा सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात द्वारकी लंगडायला लागली. नर्मदेनं पोरीचा परकर वर करून दाखवला. गाठ परत आली होती, पण मांडीवर नाही. कमरेच्या हाडावरून पोटाकडे सरकलेली, पालथ्या वाटीसारखी, तशीच मुकी.

पाटील त्या दिवशी जेवला नाही. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात आपलं वाक्य. नातीसाठी शीव उघडावी, तर उद्या प्रत्येकाला कुठं ना कुठं जायचं असणार. रोग आत आला तर गावातलं प्रत्येक प्रेत आपल्या दारात आणून ठेवतील, आणि पहिली खुर्शीदबी विचारील. न उघडावी, तर डॉक्टरचं बोलणं त्यानं उकंडरावाच्या तोंडून शब्दन् शब्द ऐकलेलं होतं. गावाला घातलेलं कुंपण आतून किती उंच असतं, ते त्याला पहिल्यांदाच दिसलं.

संध्याकाळी नर्मदा दारात आली. या वेळी आडोशाला नाही, उंबऱ्यावर.

"मामंजी, पोरीला हिंगोलीला न्यायचंय."

"शीव बांधली म्हंजे बांधली," पाटील जमिनीकडे बघून म्हणाला. "आता गावातून एकच गोष्ट भाईर जाणार. गाडा."

"गाड्यावर काय काय ठेवत्यात?"

"तुला म्हाईत न्हाई का? गावातली रोगराई."

"आन् ती परत येत न्हाई."

"गाड्यावरचं परत येत न्हाई."

"बरं," नर्मदा म्हणाली आणि आत गेली. ते 'बरं' पाटलाच्या हिशेबात कुठंच बसेना.

मंगळवारी गाडा निघाला. त्यावर फुटकी सुपं, झिजलेल्या केरसुण्या, लिंबं, हिरव्या बांगड्या. पुढं नारळ घेऊन पाटील, त्याच्या मागं पोतराज, मग गाडा ओढणारी माणसं. पुढच्या माणसानं शिवेपर्यंत मागं बघायचं नाही. बघितलं तर रोग त्याच्या नजरेला धरून परत येतो.

चावडी ओलांडली तेव्हा गाडा घटकाभर थांबला. पुन्हा चालला तेव्हा चाकाचा आवाज बदललेला होता. सुपा-केरसुण्यांच्या वजनाला चाक असं कण्हत नाही. ओढणाऱ्यांची पावलं अडखळली. पोतराजाचा आसूडही थबकला. सगळे पाटलाच्या पाठीकडे बघत होते, आणि पाटलाला पाठीवर त्या नजरा मोजता येत होत्या. एक शब्द बोलला असता, तर नर्मदा पोरीला घेऊन खाली उतरली असती.

तो चालत राहिला.

ओढ्याच्या उतारावर मागून आवाज आला, "आबा."

पाटलाची मान अर्धी वळली आणि तिथंच ताठरली. पुन्हा आवाज आला, जरा रागावून, कारण या हाकेला आजवर कधी दुसरी हाक लागली नव्हती. "आबा." पाटलानं नारळ छातीशी धरला आणि पावलं मोठी टाकली.

शिवेवर नारळ फुटला. माणसांनी गाडा पलीकडे लोटला आणि रीतीप्रमाणं पाठ फिरवली. पण शेजारच्या शिवेत गाडा नुसता सोडला तर तिथले लोक परत इकडं लोटतात. पुढं ओढत न्यायला कोणीतरी लागतं, आणि त्या कामाला कधी कोणी तयार नसतं. खुर्शीदबी गर्दीतून पुढं झाली. तिनं पदर खोचला आणि दांडी धरली. पाटलाला दिसलं नाही, पण तिच्या चांदीच्या कड्यांचा आवाज त्याला ठाऊक होता.

पाऊस पडून पटकी ओसरली. गावात एकालाही बाधा झाली नाही. लोकांनी पाटलाची तारीफ केली, आणि ती त्याला अन्नासारखी गिळावी लागली.

खुर्शीदबी परत आली. कोणीतरी हटकलं, तर म्हणाली, "मी गाड्याच्या वर नव्हते बाबा, मी जुंपलेली होते." लोक हसले. मग ती पाटलाच्या ओट्यापाशी थांबली. पोरीला आणि मायला हिंगोलीत डॉक्टरच्या दारात सोडून ती कुरुंद्याला पोचली होती. "अख्तरी वाचली, पाटील. लेकरू न्हाई वाचलं. दाईला आडवं लेकरू वळवता येत न्हवतं. मला येतं." एवढंच बोलून ती घरी गेली. पाटलानं आयुष्यात इतक्या नोंदी ठेवल्या होत्या. ही त्याच्या नावावर पहिली.

दिवाळीच्या सुमारास नर्मदा पोरीला घेऊन शिवेवर आली आणि पलीकडेच बसली. पाटील धावत गेला; शिवेच्या दगडापाशी त्याचे पाय आपोआप थांबले, तो तिथंच खाली बसला. द्वारकी अंगानं भरली होती, जरा पाय ओढत होती.

"घरी चल, सूनबाई. मी सांगतो गावाला."

"काय सांगाल? गाड्यावरचं परत येत न्हाई, तुमीच म्हणलात. उद्या गावात कोणाला शिंक आली तरी माझ्या पोरीकडं बोट करतील." ती शांतपणे बोलत होती. "मी आता भावाकडं राहते. ते बी येऊन राहिले तिकडं." ते म्हणजे उकंडराव, कधी नव्हे ते त्याची सावली उठली होती.

पाटलानं विचारलं, "औषध?"

"चालू हाय. डॉक्टर थांब म्हणतील तवर."

द्वारकीला शीव कुठली दिसायला? ती फरफटत अलीकडे आली, आबाच्या मांडीवर बसली आणि तिनं मिशी धरली. पाटलाचं डोकं लगेच चालायला लागलं: पोर गाड्यावरून गेली खरी, पण आली ती आपल्या पायानं. हे पारावर सांगता येईल. हे टिकेल.

"द्वारके," नर्मदेनं हाक मारली. तिनं फडक्यातून बाटली काढली होती. "दूध घ्यायचंय ना?"

पोरीनं मिशी सोडली आणि आली तशी परत गेली. पाटील दगडाच्या या बाजूला बसून राहिला, आणि तिनं तोंड वाकडं करत शेवटचा घोट गिळेपर्यंत बघत राहिला.